काँक्रीटच्या पोटातली केबल



अधिवेशनाच्या अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा वर्षभराचा आढावा घ्यावा, सरकारला दोन सूचना कराव्यात आणि तरुणांना उपदेश करावा, अशी आपल्याकडे रीत आहे. आढावा स्मरणिकेत छापलेला आहे, तो वाचून घ्यावा. मी आज फक्त केबलविषयी बोलणार आहे. उड्डाणपूल, मेट्रोचे मार्ग, खाडीवरचे पूल, यांतले बहुतेक सगळे पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे आहेत, म्हणजे ताणलेल्या पोलादी केबल्सवर उभे आहेत. भोवती सिमेंटचं पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, भरून तोंडं बंद झाली की ती केबल पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. माझी तक्रार अशी, की आपण तिची ताकद मन लावून डिझाइन करतो आणि तिचं आयुष्य मात्र साइटवाल्यांच्या भरवशावर सोडतो.

थोडं मागे जाऊ. फ्रान्समध्ये आलिये नदीवर ल व्हर्द्र इथे युजीन फ्रेसिने या तिशीतल्या अभियंत्याने तीन सपाट कमानींचा काँक्रीटचा पूल बांधला. १९११ मध्ये रहदारी सुरू झाली आणि काही महिन्यांतच कमानींचे माथे खाली बसू लागले. थांबायचं नाव घेईनात. त्या काळच्या नियमांप्रमाणे काँक्रीटने असं वागायलाच नको होतं. फ्रेसिनेने काही विश्वासू माणसं जमवली, माथ्यांशी पुन्हा जॅक लावले आणि कमानी वर उचलून घेतल्या. पूल वाचला, पण भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षं दबत राहतं ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. आज आपण तिला क्रीप म्हणतो आणि कोष्टकातून आकडा उचलतो.

त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेत आणि जर्मनीत लोक काँक्रीटमधलं लोखंड ताणून पाहत होते. त्यांना यश का आलं नाही, ते विद्यार्थ्यांनी वहीच्या कोपऱ्यात मांडून बघावं. साध्या सळईत १४० मेगापास्कलचं प्रतिबल आणलं की ती मीटरमागे ०.७ मिलिमीटर लांबते. क्रीप आणि आकुंचन मिळून काँक्रीटही मीटरमागे साधारण तेवढंच, कधी एक मिलिमीटरपर्यंत आखडतं. म्हणजे वर्षा-दोन वर्षांत सगळा ताण गायब. आता १,८६० मेगापास्कलची स्ट्रँड, म्हणजे तारांचा वळलेला पीळ, घ्या आणि तिच्या ताकदीच्या तीन चतुर्थांशापर्यंत ताणा. ती मीटरमागे सात मिलिमीटर लांबते. सातातला एक गेला तरी सहा उरतात. १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेसिनेने जाँ सेअयबरोबर जे पेटंट घेतलं, त्याचा गाभा हाच. पोलाद अतिशय कणखर हवं आणि ते जबर ताणलेलं हवं.

ती कणखर तार बनते कशी, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी कारखान्यात जाऊन पाहिलेलं असतं. सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेली सळई एकामागून एक लहान होत जाणाऱ्या साच्यांमधून थंड अवस्थेत ओढली जाते. मग मधल्या एका सरळ तारेभोवती सहा तारा वळून स्ट्रँड तयार होते. मधली तार बाहेरच्यांपेक्षा किमान दीड टक्का जाड ठेवावी लागते, नाहीतर सहाजणी तिला नीट आवळत नाहीत आणि टोकाच्या पकडीत, म्हणजे अँकरेजमध्ये, वेजची पाचर बाहेरच्या तारा धरते, मधली निसटते. शेवटी स्ट्रँड ताणलेली असतानाच तापवतात, म्हणजे पुढे तिचा ताण आपोआप ढिला पडण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्या आयएस १४२६८ मध्ये त्याला मर्यादा आहे: ७० टक्के भाराला हजार तासांत अडीच टक्क्यांहून जास्त घट नको. याच मानकातली १२.७ मिलिमीटरची वर्ग दोनची स्ट्रँड घ्या. पोलादाचं क्षेत्रफळ ९८.७ चौरस मिलिमीटर, आणि आपण तिच्याकडून चौदा टन ओढून घेतो.

ही ताकद फुकट मिळालेली नाही. साधी सळई गंजली तर फुगते, कव्हर उडवते, तांबडे ओघळ सोडते आणि तुटण्याआधी वाकते. ओढून कडक केलेल्या तारेला तुटायला बारीकसा खड्डा पुरतो. कधी तोही लागत नाही. ओलाव्यातून आलेला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताणाखालची तार ठिसूळ होऊन तुटते. बाहेर डाग नाही, फूग नाही.

आता केबलच्या रेषेबद्दल, म्हणजे प्रोफाइलबद्दल. डिझायनरचा खरा कस इथे लागतो आणि मला स्वतःला आपल्या कामातला हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो. खाली झुकलेली केबल ताणली की ती सरळ व्हायला बघते आणि काँक्रीटला वर उचलते. टी. वाय. लिन यांनी १९६३ मध्ये यावर भारतोलनाची जी पद्धत मांडली, तिने किचकट गणित एका ओळीवर आणलं. ३० मीटरचा गर्डर, २,००० किलोन्यूटनचा ताण, मध्यावर ०.८ मीटरचा झोल. केबल दर मीटरला १४ किलोन्यूटन उचलून धरते. बांधण्याची तऱ्हा बदलली की रेषाही बदलते. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंचीवर ढकलत ढकलत पुढे नेलेला आहे. अशा पुलाचा प्रत्येक छेद प्रवासात कधी खांबावर असतो, कधी अधांतरी, म्हणून ढकलताना त्याला सरळ, मध्यातून जाणारा ताण लागतो. झोलाच्या केबल्सचं काम पूल जागेवर बसल्यावर सुरू होतं. रेल्वेच्या स्लीपरमध्ये तर तीन तारांच्या अठरा स्ट्रँड सरळ जातात. तिथे केबलभोवतीची नळी, म्हणजे शीथही नाही आणि ग्राउटही नाही.

कागदावरची रेषा साइटवर टिकतेच असं नाही. शीथ सैल बांधलेली असली तर ओल्या काँक्रीटमध्ये तरंगून वर येते, नीडल व्हायब्रेटर लागला तर फाटते आणि स्लरी आत जाते. हे कळतं स्ट्रेसिंगच्या दिवशी. चाळीस मीटरची केबल, घर्षण सोडून दिलं तर, सुमारे २८६ मिलिमीटर लांबायला हवी. गेज पूर्ण दाखवतंय आणि लांबी भरत नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी केबल अडकली आहे. वेज बसताना केबल साधारण सहा मिलिमीटर मागे सरकते. लांब केबलला ते पचतं, दहा मीटरच्या केबलमधून मात्र आठ टक्के ताण तिथेच जातो. मोजलेली आणि हिशेबाची लांबी पाच टक्क्यांच्या आत जुळावी, असा आपला दंडक. ज्या रजिस्टरात प्रत्येक केबल मिलिमीटरपर्यंत जुळलेली असते, ते रजिस्टर मी आधी तपासतो. इतकं गुणी पोलाद मी पाहिलेलं नाही.

आपल्या गावाकडच्या लोहाराला ताण देण्याचं हे शास्त्र ठाऊक होतं. लोखंडी धाव तापवून तो लाकडी चाकावर चढवायचा, पाणी ओतलं की ती आवळून बसायची. उन्हाळ्यात लाकूड आटलं की धाव सैल व्हायची, खडखडायला लागायची; मग गाडीवान चाक पाण्यात बसवायचा, नाहीतर पुन्हा लोहाराकडे न्यायचा. ताण घटल्याचं कानाला कळत होतं आणि तो परत भरता येत होता. आपण केबल शीथमध्ये घातली, शीथ काँक्रीटमध्ये पुरली आणि या दोन्ही सोयी घालवून बसलो.

बदल्यात आपण तिला ग्राउटचं कवच दिलं. सिमेंटचा अल्कलीपणा पोलादाला गंजू देत नाही, पण ग्राउट सगळीकडे पोहोचला तरच. पाणी थोडं जास्त झालं की ते वेगळं होऊन वर येतं, केबलच्या उंच ठिकाणी साचतं, नंतर शोषलं जातं आणि मागे पोकळी राहते. ती नेमकी खांबांवर किंवा अँकरेजच्या मागे, म्हणजे डेकमधून झिरपणारं पाणी सगळ्यांत लवकर पोहोचतं तिथे.

वेल्समधला इनिस-इ-ग्वासचा छोटा पूल १९५३ चा. ४ डिसेंबर १९८५ ला तो कुठलाही इशारा न देता कोसळला. तुकडे जोडून केलेला पूल होता आणि सांध्यांपाशी केबल्स क्षारांनी खाल्लेल्या निघाल्या. १९९२ मध्ये ब्रिटनने ग्राउट केलेल्या केबल्सचे नवे पूल बांधणंच थांबवलं आणि नियम नव्याने लिहून झाल्यावर, चार वर्षांनी, ती बंदी सैल केली. इतक्या लांब जायचीही गरज नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० चा, तो जुलै १९८६ मध्ये पडला, आणि खाऱ्या हवेत गंजलेल्या केबल्स हे त्याचं एक मुख्य कारण होतं. पणजी-बेती फेरीबोटीच्या त्या काळातल्या रांगा अनेकांना आठवत असतील. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला. तिथल्याही केबल्सना गंजाने गाठलं आणि काँक्रीटच्या बाहेरून जादा केबल्स ताणून त्याला सावरावं लागलं. ब्रिटनने बंदी घालून विचार केला. आपण शेजारी दुसरा पूल बांधला. हे मी कुणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही, दुसरा पूल हवाच होता. पण पहिल्याने शिकवलेलं आपल्या नकाशांवर किती उतरलं?

ड्रेसडेनचा कारोला पूल ११ सप्टेंबर २०२४ च्या रात्री तीनच्या सुमारास एल्बेत कोसळला, सुदैवाने वर कुणी नव्हतं. तपासणीत निघालं ते हायड्रोजनचं नुकसान, आणि त्याची सुरुवात बांधकामाच्या वेळी, पोलाद ओलाव्यात उघडं राहिल्यापासून झालेली. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी. जुलैच्या पावसात साइटच्या चिखलावर फाटक्या ताडपत्रीखाली पडलेली स्ट्रँडची कॉइल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पृष्ठभागावरचा गंज कापडाने पुसला की ती चालते, असं साइटवर सर्रास म्हणतात. कधी चालतेही. कोणती चालणार नाही हे कापडाला कळत नाही.

म्हणून डिझायनरांकडून मला थोडं जास्त काम हवं आहे. ग्राउट भरताना हवा-पाणी बाहेर सोडणारे व्हेंट कुठे, किती, कोणत्या क्रमाने बंद करायचे, हे नकाशावर आलं पाहिजे. आज कितीतरी नकाशांवर केबलची रेषा असते आणि व्हेंट ‘साइटवर ठरवावे’ असतात. ग्राउटिंग स्ट्रेसिंगच्या दरात गुंडाळू नये, निविदेत त्याची स्वतंत्र बाब असावी, कारण ज्याचे वेगळे पैसे नाहीत ते काम अंधार पडल्यावर उरकलं जातं. पेटीच्या आकाराच्या पुलांत काही केबल्स काँक्रीटच्या बाहेर, पेटीच्या पोकळीत ठेवाव्यात, म्हणजे त्या हाताने चाचपता येतील आणि बदलता येतील. याला खर्च आहे, हे मान्य. बाहेरच्या केबलला झोल कमी मिळतो, पोलाद जास्त लागतं, वळणांवर जड अडणी द्यावी लागतात. छोट्या गर्डरला ते परवडणार नाही. खाडीवरच्या पुलाला मात्र ते परवडत नाही असं म्हणणाऱ्याने जुन्या दुरुस्त्यांची बिलं आधी पाहावीत.

उद्याच्या खुल्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. पूल ताब्यात देताना प्रत्येक केबलची स्ट्रेसिंग आणि ग्राउटिंगची नोंद, कॉइलच्या क्रमांकासह, मालकाकडे द्यावी आणि पूल उभा असेपर्यंत त्याने ती जपावी. आज हमीची मुदत संपली की हे कागद कुठे जातात ते शोधायला गेलात तर रद्दीच्या दुकानापर्यंत माग लागतो. ठरावाला अनुमोदक हवा आहे. साइटवरच्या एखाद्या तरुण अभियंत्याने अनुमोदन दिलं तर मला जास्त आवडेल, कारण रात्री ग्राउट पंपाशेजारी उभा तोच असतो.