विजेचे माप कोणाच्या हाती?

सुरत शहराला मापाच्या वादाची जुनी परंपरा आहे. १८४८ साली इंग्रज सरकारने या शहरात बंगाली प्रमाणाची वजने-मापे सुरू करण्याचे ठरविले, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि सरकारला तो बेत सोडून द्यावा लागला. त्याआधी चारच वर्षे, १८४४ मध्ये, मिठावरील कर वाढला म्हणून हेच शहर खवळून उठले होते. कराविरुद्ध लोकांनी उठावे हे समजण्यासारखे आहे. वजनाविरुद्ध का उठावे? नवी वजने खोटी होती असे नव्हे. कदाचित ती जुन्यांहून अधिक नेमकीही असतील. परंतु ज्या शेराने बापआजोबांनी धान्य मोजून घेतले तो शेर सरकारी हुकमाने बदलावयाचा, आणि त्या बदलात आपला तोटा होणार नाही याची खात्री मात्र कोणी करून द्यावयाची नाही, हे गिऱ्हाइकाला रुचत नाही. ते कोणत्याही काळात रुचलेले नाही.

२०२४ च्या मे महिन्यात सुरतेत आणि वडोदऱ्यात पुन्हा असाच वाद पेटला. या वेळी माप होते विजेचे. घराच्या भिंतीवरील जुना मीटर उतरवून त्या जागी स्मार्ट मीटर बसविण्यास प्रारंभ झाला होता. पैसे आधी भरावयाचे आणि वीज मागाहून वापरावयाची, अशी त्याची रीत. काही आठवड्यांतच वीज कंपन्यांच्या कचेऱ्यांपुढे गर्दी जमू लागली. तिच्यात स्त्रियांची संख्या मोठी होती. घरखर्चाचा मेळ त्यांनाच घालावा लागतो, तेव्हा त्यात नवल नाही. तक्रार एकच होती: नवा मीटर फार पळतो.

ही तक्रार समजून घ्यावयाची, तर डिंडोलीसारख्या वस्तीतील राहणी डोळ्यांपुढे आणावी लागेल. उधन्याच्या पूर्वेस, जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत हे गाव पसरले आहे. एकेकाळचे हे खेडे आता दाट वस्तीचे उपनगर झाले आहे आणि त्यात खानदेशातून आलेल्या कुटुंबांचा मोठा भरणा आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून माणसे याच लोहमार्गाने आली, यंत्रमागांवर, कापडाच्या गिरण्यांत, बाजारात कामाला लागली आणि लहान लहान सोसायट्यांतून घरे करून राहिली. अहिराणी घरात, मराठी शाळेत आणि गुजराती बाजारात, अशा तीन भाषांत येथील दिवस सरतो. विजेचे बिल मात्र गुजरातीत येते. गुजराती लिपी म्हणजे शिरोरेषेवाचूनची देवनागरीच, असे म्हणून वेळ मारून नेता येते, आणि घरातील मुले ते वाचूनही दाखवितात. तथापि इंधन आकार, स्थिर आकार, वीज शुल्क हे शब्द कोणत्याही लिपीत लिहिले तरी सारखेच दुर्बोध राहतात.

आता मीटर खरोखरच पळतो काय, हे पाहू.

जुन्या मीटरमध्ये अॅल्युमिनियमची एक चकती असे. विजेच्या प्रवाहाने ती फिरे आणि फेऱ्यांच्या संख्येवरून युनिटे मोजली जात. काचेतून ती चकती दिसे, हा तिचा मोठा गुण. घरातील सर्व दिवे मालवून चकती थांबते की नाही हे कोणालाही पाहता येई. तिच्यात दोष नव्हता असे नाही. अशा मीटरला शेकडा दोनपर्यंतची चूक माफ असे आणि वर्षानुवर्षांच्या धुळीने व झिजेने चकती जड होत जाई, म्हणजे ती बहुधा ग्राहकाच्या बाजूने चुके. इलेक्ट्रॉनिक मीटरला शेकडा एकाहून अधिक चूक चालत नाही. मोबाईलच्या चार्जरचा किंवा बंद दिसणाऱ्या टीव्हीचा अल्पसा वापरही तो टिपतो. ज्या घरातील जुना मीटर सुस्तावलेला होता, त्या घरी नव्याने थोडे अधिक दाखविले तर ते अशक्य नाही. परंतु तेवढ्याने बिल दुप्पट होणार नाही.

मग दुप्पट झाल्यासारखे का वाटले? थोडा हिशेब करून पाहावा. महिन्याला १०० युनिटे वापरणारे एक साधे घर घेऊ. दक्षिण गुजरात वीज कंपनीच्या २०२४ च्या प्रारंभीच्या दराप्रमाणे पहिल्या ५० युनिटांना ३ रुपये ५ पैसे, पुढील ५० युनिटांना ३ रुपये ५० पैसे, म्हणजे विजेचे झाले ३२७ रुपये ५० पैसे. त्यावर इंधनाच्या खरेदीचा आकार युनिटामागे २ रुपये ८५ पैसे, म्हणजे २८५ रुपये. स्थिर आकार १५ रुपये. या सर्वांवर शहरी भागातील शेकडा १५ वीज शुल्क. एकूण रक्कम जाते ७२१ रुपयांच्या पुढे. गुजरातेत घरगुती बिल दोन महिन्यांनी येते, तेव्हा त्या घराला जुन्या पद्धतीत साठ दिवसांनी एकदा सुमारे १,४४० रुपये द्यावे लागत. बिल हाती आले म्हणजे कपाळाला आठ्या पडत, ते भरले की पुढील दोन महिने कोणी मीटरकडे पाहत नसे.

नव्या पद्धतीत हेच घर दररोज सुमारे २४ रुपयांची वीज वापरते. दोनशे रुपये भरले तर ते आठ दिवसांत संपतात. दोनशेची नोट आठवड्यात नाहीशी झालेली पाहणाऱ्या गृहिणीला मीटर पळतो असे वाटणार नाही तर काय वाटेल? शिवाय मीटर बदलताना मागील बिलाची रक्कम शिल्लक राहिलेली असते. ती रोजच्या हप्त्यांत कापून घेतली, आणि समजा ती १,४४० रुपये असून सहा महिन्यांत फेडावयाची ठरली, तर रोज आणखी ८ रुपये जातात. म्हणजे २४ चे ३२ झाले. वापर तेवढाच, मीटर तोच, परंतु पैसे एक तृतीयांशाने अधिक वेगाने संपतात, आणि मोबाईलच्या पडद्यावर दिसते ती केवळ उरलेली शिल्लक. त्यात महिना मे. पंखा रात्रंदिवस फिरतो, कूलर चालू असतो. पंचाहत्तर वॉटचा एक पंखा सुमारे तेरा तासांत एक युनिट खातो, आणि उन्हाळ्यात तो अहोरात्र थांबत नाही. नवा मीटर बसविण्यासाठी याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

या हिशेबावरून ग्राहकांची तक्रार निराधार होती असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. हा हिशेब त्यांना आधी कोणी समजावून दिला होता काय, हा खरा प्रश्न आहे. बिलाच्या निम्म्याहून थोडी कमी रक्कमच मीटरच्या मूळ दराने ठरते. उरलेली इंधन आकार आणि शुल्क यांची असते, आणि इंधन आकार वेळोवेळी बदलतो. जे माप ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आहे त्याच्यावर राग निघतो आणि जे कागदात दडलेले आहे ते सुटते.

आणखी एक गोष्ट अशा वस्त्यांत विशेष जाचक आहे. कित्येक घरांत मीटर घरमालकाच्या नावाचा असतो आणि खोल्यांत चार भाडेकरू राहतात. मालक पोटमीटर लावून ठरलेल्या दराने पैसे घेतो. चार बिऱ्हाडांची १०० युनिटे एका मीटरवर मिळून ४०० होतात आणि २५० च्या वरील १५० युनिटांना ५ रुपये २० पैसे हा सर्वांत चढा दर लागतो. जो दर मोठ्या बंगल्यासाठी म्हणून ठरविला, तो दहा बाय दहाच्या खोलीतील माणसाच्या माथी बसतो. आता पैसे आधी भरण्याची रीत आली, तर शिल्लक संपल्याची सूचना जाणार मालकाच्या मोबाईलवर आणि अंधार होणार भाडेकरूच्या खोलीत. मीटर कितीही स्मार्ट असला तरी त्याला हा भेद कळत नाही.

कायदा काय सांगतो? २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे अचूक मीटरवाचून वीज देता येत नाही, आणि त्याविषयी वाद असण्याचे कारण नाही. कलम ४७ मध्ये असे आहे की, जो ग्राहक आधी पैसे भरण्याच्या मीटरवर वीज घेण्यास तयार असेल, त्याच्याकडून अनामत रक्कम मागू नये. ‘तयार असेल’ या शब्दांवर ग्राहकांच्या बाजूने बोट ठेवण्यात येते. ही सवलत आहे, सक्ती नव्हे, असा त्यांचा अर्थ लावला जातो. उलट केंद्र सरकारने २०२० च्या अखेरीस केलेल्या ग्राहक-हक्क नियमांचा रोख असाच मीटर सर्वत्र असावा याकडे आहे. कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडावयाची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. शिल्लक शून्य होताच आपोआप तुटणाऱ्या पुरवठ्यात हे पंधरा दिवस कोठे गेले? थकबाकीच नाही, तेव्हा सूचना कशाची, असे उत्तर देता येते. ते तर्काला धरून असेल. तापाने फणफणलेले मूल घरात असताना ते पुरेसे नाही. काही राज्यांतील कंपन्यांनी रात्री व सुटीच्या दिवशी पुरवठा न तोडण्याची सवलत ठेवली, ती याच कारणाने.

सरकारचा हेतू समजण्यासारखा आहे. २०२१ साली केंद्राने वीज वितरणाच्या सुधारणेसाठी तीन लाख कोटी रुपयांहून मोठी योजना मंजूर केली आणि तिच्यात पंचवीस कोटी स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवले. गळती, चोरी, अंदाजाने लिहिलेली बिले आणि वसुलीची दिरंगाई यांनी वितरण कंपन्या खिळखिळ्या झाल्या होत्या. अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद आपोआप पाठविणारा मीटर हा त्यावर चांगला उपाय आहे. घराला कुलूप दिसले म्हणून सरासरीने ठोकून दिलेले बिल ज्याने एकदा भरले आहे, त्याला जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. २०२३ च्या दुरुस्तीने सूर्यप्रकाशाच्या आठ तासांतील वीज नेहमीच्या दराहून किमान शेकडा २० स्वस्त असावी असे धोरण ठरले. त्याचा लाभ कोणाला होईल? रात्रपाळी करून आलेला यंत्रमाग कामगार दिवसा पंख्याखाली झोपतो, त्याला थोडा होईल. दिवसपाळीचा कामगार घरी येतो तो दिवेलागणीला, आणि त्या वेळची वीज महाग.

मीटर फुकट बसविला जातो असे सांगण्यात येते, तेही जरा तपासून घ्यावे. केंद्राचे अनुदान बहुतेक राज्यांत मीटरमागे फार तर ९०० रुपये आहे. उरलेला खर्च ग्राहकाच्या दारात मागितला जात नाही इतकेच. तो कंपनीच्या हिशेबात जातो, आणि कंपनीचा हिशेब शेवटी वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या अर्जात उघडतो. त्या अर्जावर हरकत घेण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. डिंडोलीहून गांधीनगरला सुनावणीस जाण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, ही बाब निराळी.

गलका वाढल्यावर गुजरातेत नव्या मीटरशेजारी पडताळणीचा मीटर लावण्याची सोय जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रातही सामान्य ग्राहकांकडे आधी पैसे भरण्याचे मीटर लावणार नाही, अशी घोषणा झाली. पहिला उपाय अधिक शहाणपणाचा वाटतो. कारण घोषणा फिरविता येते, पडताळणी फिरविता येत नाही. आणि त्यासाठी आंदोलनाची वस्तुतः गरजच नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्येच केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन असे ठरले होते की, मीटर प्रत्यक्ष वापराप्रमाणे चालत नाही अशी तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांच्या आत दुसरा मीटर जोडून द्यावा आणि निदान तीन महिने दोन्हींची तुलना करावी. हा नियम मे महिन्यात प्रत्येक दारावर चिकटविला असता, तर कचेऱ्यांपुढील पुष्कळ गर्दी टळली असती. बाजारातील भाजीवाल्याचा तराजू ठरावीक मुदतीत तपासून त्यावर सरकारी छाप मारला जातो, आणि गिऱ्हाईक तो छाप पाहू शकते. भिंतीवरील मीटर निदान पाच वर्षांतून एकदा तपासला जावा असे नियम म्हणतात. ती तपासणी झालेली पाहणारे ग्राहक फारसे आढळत नाहीत.

ज्याला शंका असेल त्याने तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. कंपनीकडून दाद न लागल्यास कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर लोकपाल आहे. दुसरा मीटर बसला म्हणजे दोन्हींचे आकडे एकाच दिवशी, एकाच वेळी टिपून ठेवावे लागतात, आणि शेजारी त्या आठवड्यात भरलेले पैसे. त्यासाठी घरातील शाळकरी मुलाची एक वही पुरते. आकडे त्याने लिहावेत आणि आईने तपासावेत.