फोन पोहोचला, बोलणे पोहोचले का?

(सौंदड येथे साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ जण मला विचारतात, "आता पाड्यापाड्यांत मोबाईल आले. मग आदिवासी बांधवांचा जगाशी संबंध जुळलाच असेल ना?" त्याचे उत्तर आज थोडे सविस्तर देतो.

सौंदड हे वाटेवरचे गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग येथून जातो, गोंदिया-बल्लारशाह मार्गावर आपले स्टेशन आहे. पण दारावरून गाडी गेली म्हणजे पाहुणा घरात आला असे होत नाही. मोबाईलचेही तसेच आहे. योजनेचा अर्ज ऑनलाईन, त्यातली मराठी कचेरीची, आणि भरायचा तो गोंडी बोलणाऱ्या आजीच्या नावाने. फोन तिच्या हातात असतो, पण तो तिच्या भाषेत बोलत नाही आणि तिचे ऐकतही नाही.

गोंडी ही मराठीची बोली नव्हे. ती द्राविड कुळातली, तेलुगू-कन्नडची नातलग. 2011 च्या जनगणनेप्रमाणे सुमारे 30 लाख लोक ती बोलतात, पण ते अनेक राज्यांत विखुरलेले आहेत. आपल्या शेजारच्या बालाघाट भागातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 साली तिच्यासाठी लिपी तयार केली. त्या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 2017 साली, म्हणजे 99 वर्षांनी. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांनी मान्य केलेला क्रमांक. तो नसेल तर एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर नीट उमटत नाही.

पण ज्यांना लिहिता-वाचताच येत नाही, त्यांनी काय करावे? याचे एक उत्तर छत्तीसगडात सापडले. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू केले. त्याला भारी फोन लागत नाही. ठरलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा. तिकडून संगणक उलट फोन करतो. एक बटण दाबले की आपले म्हणणे सांगायचे, दुसरे दाबले की इतरांचे ऐकायचे. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, असे लोक आपल्या तोंडाने सांगू लागले. गाणीही आली, गोंडीतही बोलणे आले. आलेला मजकूर तपासून मगच सर्वांना ऐकवला जातो. तक्रार सांगणारा संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांकही देतो आणि ऐकणाऱ्यांना विनंती करतो की, तुम्हीही त्यांना फोन करा. मग शहरातला अनोळखी माणूस त्या खेड्यासाठी फोन लावतो. काम झाले की तेही कळवले जाते.

जेथे नेटवर्कच नाही, तेथे ही ध्वनिमुद्रणे ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्या फोनवर दिली जाऊ लागली. खेड्यातल्या उच्चारावरून त्याचे नाव पडले 'बुल्टू रेडिओ'.

यात यंत्र साधेच होते. गुण होता तो दोन गोष्टींत. माणसाला आपल्या भाषेत बोलता आले, आणि पलीकडे ऐकून काही करणारा कोणी होता. दुसरी गोष्ट नसेल तर पहिली फार दिवस टिकत नाही. उत्तर मिळत नाही असे दिसले की माणूस पुन्हा फोन लावत नाही. पन्नासाव्या दिवसाचा वृत्तान्त आपण सारे जाणतो. तेथेही लोकांना आधी नवी भाषा शिकावी लागली नाही, ज्याला त्याला आपल्याच भाषेत ऐकू आले.

म्हणून माझी विनंती लहान आहे. जुने फोन, संगणक आपण देता, त्याबद्दल आभार. त्यासोबत थोडा वेळही द्या. ज्या कुटुंबाला मदत करता त्यांना लांब मजकूर धाडू नका, आवाजी निरोप पाठवा, आणि त्यांचा आला तर तो शेवटपर्यंत ऐका. गोंडीत असेल तर पाड्यातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला अर्थ विचारा. आजीचे बोलणे समजावून सांगताना ती भाषा आपल्या घरची आहे याची त्यालाही किंमत कळेल. आणि उत्तर द्या. काम होणार नसेल, तर तसेही सांगा.

फोन आपण विकत घेऊन देऊ शकतो. ऐकणारा कान मात्र प्रत्येकाने स्वतःचाच द्यावा लागतो.