घोडी बिथरते तेव्हा
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आपल्या खेड-जुन्नर-आंबेगावकडे बैलगाड्यापुढे घोडी पळते. २०१४ साली शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. घाट पुन्हा भरू लागले. घोडीवर बसणारी पोरं आपल्याच घरची. घोडी बिथरली तर हाडं त्यांचीच मोडतात.

आमची घोडी अशीच बिथरायची. हलगी वाजली की मागच्या पायावर उभी. कोणी सांगितलं, मॅग्नेशियमची पुडी द्या, घोडी गरीब होईल. आम्ही महिनाभर दिली. घोडी निवळलीही. आम्ही चार जणांना पुडी घ्यायला सांगून मोकळे झालो.

मग हिशेबाला बसलो. घोड्याला विश्रांतीत वजनाच्या दर किलोमागे रोज १५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं. ३५० किलोच्या घोडीला सव्वापाच ग्रॅम. कष्टाचं काम असेल तर त्याच्या दुप्पट. कोरड्या चाऱ्यात ते शेकडा ०.१ ते ०.३ असतं. घोडी दिवसाला सात किलो चारा खाते, म्हणजे पोटात सात ते एकवीस ग्रॅम जातं. गव्हाच्या कोंड्यात तर आणखी जास्त. मग आमच्या घोडीला कमी होतं कुठं?

खरी गोष्ट नंतर ध्यानात आली. त्याच महिन्यात हरभरा महागला म्हणून आम्ही तोबरा निम्मा केला होता. पोराला सुट्टी होती, तो रोज सकाळी घोडी फिरवून आणत होता. गुरांच्या डॉक्टरांनी तिच्या दाढांची टोकं घासली होती. ती गालाला टोचत होती, लगाम ओढला की कळ जायची. चार गोष्टी एकदम झाल्या आणि श्रेय पुडीला मिळालं. पुडी बंद केली. घोडी निवळलेलीच राहिली.

मॅग्नेशियम खोटं आहे असं आमचं म्हणणं नाही. ते खरोखर कमी पडलं तर जनावर दचकतं, स्नायू थरथरतात, झोकांड्या जातात, कोसळतंही. तिथं ते औषधच आहे. पण ज्याच्या चाऱ्यात पुरेसं आहे, त्याला वरून दिल्यानं ते शांत होतं, याचा पुरावा तोकडा आहे; थोड्याशा घोड्यांवरचे प्रयोग झालेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत.

दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, मूठमूठ चारू नका. ते रेचक आहे, घोडीला जुलाब लागतील. आणि शर्यतीच्या सकाळी कुणी सुई टोचायला आला तर त्याला हाकलून द्या. शिरेतून जादा मॅग्नेशियम गेलं तर श्वास आणि हृदय बंद पडतं.

पुडीला पैसे मोजण्याआधी घोडीचं तोंड उघडून पाहा, खोगिराखाली हात फिरवा, नाल तपासा, तोबरा मापा. दिवसभर दावणीला बांधून दाणा चारलेली घोडी उधळणारच. एवढं पाहूनही थरथर राहिली तर डॉक्टरांना बोलवा आणि रक्त तपासून घ्या. मग ते सांगतील ते आणि तेवढंच द्या.

पुडी विकणारा घाटात नसतो. घोडीवर आपलं पोर असतं.