पुणे महानगराच्या विस्ताराची दिशा आणि पाण्याची मर्यादा

पुणे पुढे कोणत्या बाजूला वाढणार, या प्रश्नाची चर्चा नगररचनेच्या परिषदांपेक्षा जमिनीच्या खरेदी-विक्रीत गुंतलेल्या मंडळींत अधिक होते, आणि त्यांनी बांधलेले अंदाज शासकीय नकाशांहून अधिक वेळा खरे ठरलेले आहेत, हे नगररचनेतील जाणकारांपुढे अध्यक्षस्थानावरून सांगणे फारसे सुखद नसले तरी आवश्यक आहे. रस्ता आखला जातो, त्याच्या कडेला जमीन विकली जाते, मग इमारती उभ्या राहतात, त्यानंतर गाव महापालिकेत येते आणि सर्वांत शेवटी पिण्याचे पाणी येते किंवा येतही नाही, हा क्रम गेल्या तीन दशकांत इतका रूढ झाला आहे की तो उलटा आहे याचीही जाणीव उरलेली नाही. प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन असे आहे की, पुण्याचा पुढचा मोठा विस्तार पूर्वेकडे आणि ईशान्येकडे होणार हे आता जवळजवळ निश्चित असून, त्या दिशेला जमीन आणि रस्ते मुबलक असले तरी पाणी नाही, आणि म्हणून विस्ताराचा विचार पाण्यापासून सुरू केल्यावाचून गत्यंतर नाही.

हा क्रम पूर्वी वेगळा होता. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे तलाव बांधून दगड-विटांच्या बंदिस्त नळाने ते पाणी शहरातील हौदांपर्यंत आणले आणि वाढत्या पेठांना त्याचा आधार मिळाला. ब्रिटिश राजवटीत लष्कराची छावणी वसली, १८५८ मध्ये रेल्वे आली आणि १८७९ मध्ये खडकवासला धरण पूर्ण होऊन त्याचा उजवा कालवा हडपसर, लोणी काळभोरवरून पूर्वेकडे गेला. या धरणाने शहराची तहान भागवली आणि पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यात ऊस आणि भाजीपालाही पिकवला. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेल्या पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. त्या पाहणीतले पुणे पेठा, लष्कर आणि नदीपलीकडच्या मोजक्या वसाहतींचे होते. त्यानंतर १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही वाहून नेले आणि पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, म्हणजे आधुनिक पुण्याच्या विस्ताराची एक मोठी उडी योजनेतून नव्हे, आपत्तीतून झाली. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत आकारास येत होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेली होती आणि पुढे १९८२ मध्ये तेथे स्वतंत्र महानगरपालिका स्थापन झाली.

शहराची हद्द सरकते कशी, हे समजून घेतल्याशिवाय ती पुढे कोठे सरकेल हे सांगता येत नाही. शहरालगतच्या गावात मूळ वस्तीची जागा, म्हणजे गावठाण, लहान असते आणि तिच्याभोवती शेतजमीन असते. शेतीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. परंतु घरासाठी जागा हवी असलेल्या कामगाराला किंवा शिपायाला एकरभर जमीन परवडत नाही, त्याला एक-दोन गुंठे हवे असतात, आणि गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १०८९ चौरस फूट. या गरजेतून सामाईक खरेदीखते, एकाच सातबाऱ्यावर चढलेली अनेक नावे आणि नुसत्या नोटरीवर झालेले व्यवहार यांची एक समांतर नगररचना निर्माण झाली, जिच्यात रस्ता बैलगाडीच्या रुंदीचाच राहतो आणि शाळेसाठी किंवा बागेसाठी जागा सुटत नाही. अशी वस्ती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. गुंठा घेणाऱ्याला दोष देण्याची पद्धत अभ्यासकांमध्येही आढळते, ती अन्यायाची आहे. त्याच्या ऐपतीची जागा कोणत्याही मंजूर आराखड्यात नव्हती, हा दोष आराखड्यांचा आहे.

वस्ती दाटली की गाव महापालिकेत घेण्याचा विचार सुरू होतो, आणि येथे पुण्याच्या इतिहासात जी धरसोड दिसते ती उद्बोधक आहे. १९९७ मध्ये ३८ गावे पुणे महापालिकेत आली, २००१ मध्ये त्यांतील १५ गावे पूर्णतः आणि ५ अंशतः वगळण्यात आली, २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आत आली आणि क्षेत्रफळाने ही राज्यातील सर्वांत मोठी महापालिका ठरली. शहराचा कचरा वर्षानुवर्षे ज्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला, ती गावे २०१७ मध्ये आत घेतली गेली आणि वाढीव कराविरुद्धच्या असंतोषानंतर पुन्हा बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. हद्दीबाहेरच्या प्रदेशासाठी २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. महानगर प्रदेश म्हणजे मुख्य शहरे आणि त्यांच्याशी रोजगार, बाजार व प्रवासाने जोडलेला ग्रामीण टापू यांचे एकत्रित क्षेत्र, आणि पुण्याच्या बाबतीत हे क्षेत्र हजारो चौरस किलोमीटरांचे आहे. त्याच्या नियोजनाचा अधिकार एका संस्थेकडे, पाण्याचा दुसरीकडे, रस्त्यांचा तिसरीकडे आणि दैनंदिन तक्रारींचा भार मात्र ग्रामपंचायतीकडे, अशी विभागणी झालेली आहे. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान हे या विभागणीचे सर्वांत ठळक उदाहरण होय. जगभरच्या कंपन्यांसाठी काम करणारी ही वसाहत आहे, परंतु भोवतालच्या गावांचा कारभार दीर्घकाळ ग्रामपंचायतींकडेच राहिला आणि पावसाळ्यात तेथील रस्त्यांवर पाणी साचले की ते कोणी उपसावे यावर पत्रव्यवहार होत राहिला.

आता दिशांचा विचार. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आणि धरणांचे पाणलोट क्षेत्र आहे, म्हणजे ज्या डोंगरउतारांवरून पावसाचे पाणी वाहत येऊन धरणात जमते ते क्षेत्र. तेथे बंगले आणि रिसॉर्ट वाढत राहतील, परंतु लाखोंची वस्ती तेथे मावणार नाही आणि मावू नये. मोसे खोऱ्यातील लवासा या खासगी डोंगरी शहराच्या प्रयोगाने हे पुरेसे दाखवून दिले आहे. दक्षिणेला कात्रजचा डोंगर ओलांडला की खेड शिवापूर आणि पुढे सातारा जिल्ह्यातील शिरवळपर्यंत कारखान्यांची रांग लागते, पण तो महामार्गाला चिकटलेला अरुंद पट्टा आहे. उत्तरेला चाकण, तळेगाव आणि राजगुरुनगर यांच्या दरम्यान वाहन उद्योगाने रोजगार दिला असला तरी कामगारांच्या घरांची सोय मोशी, चिखली, चऱ्होली या पिंपरी-चिंचवडच्या कडेच्या भागांवर येऊन पडते. घरे उभारण्याच्या घाईचे मोल काय असते, हे मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पाडावे लागले तेव्हा दिसले. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. तिच्या आत बांधकामास परवानगी नसते, आणि तरीही तेथे भूखंड विकले जातात, घेतले जातात व त्यांवर आयुष्यभराची बचत खर्च होते.

उरते ती पूर्व आणि ईशान्य दिशा. नगर रस्त्यावर वाघोली, एके काळी दगडखाणींसाठी प्रसिद्ध असलेले गाव, २०२१ मध्ये महापालिकेत आले; त्यापुढे लोणीकंद, सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगावची औद्योगिक वसाहत यांच्यामधील मोकळी जागा दरवर्षी आक्रसत आहे. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर, उरुळी कांचन आणि यवत यांना महामार्ग आणि रेल्वे दोन्ही आहेत, जमीन सपाट आहे आणि डोंगराचा अडसर नाही. पुरंदर तालुक्यात नियोजित विमानतळासाठी पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांची जमीन मागितली गेली असून तेथील शेतकऱ्यांनी २०१६ पासून दीर्घकाळ विरोध केला. तरीही विमानतळाच्या नुसत्या घोषणेने भोवतालच्या जमिनीचे व्यवहार वाढले. शहराभोवतीचा बाह्य वर्तुळाकार रस्ता पूर्ण होईल तेव्हा या सर्व तुकड्यांना जोडणारा दोरा तयार झालेला असेल.

या पूर्वेकडच्या चित्रात जे दिसत नाही ते पाणी होय. मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, पुणे शहरात तो सातशे मिलिमीटरांच्या आसपास उतरतो आणि दौंड-शिरूरकडे सुमारे पाचशेवर येतो. शहराचा मुख्य आधार असलेल्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा एकत्रित उपयुक्त साठा सुमारे २९ अब्ज घनफूट आहे, ज्याला पाटबंधारे खात्याच्या भाषेत २९ टीएमसी म्हणतात. याच पाण्यावर हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतील कालव्याखालची शेती अवलंबून आहे. म्हणजे पूर्वेकडे घरे वाढली की ज्या शेतीचे पाणी कमी होणार, तीच शेती विकून ती घरे बांधली जाणार आणि विक्री न केलेल्या शेजाऱ्याच्या उसाचे पाणीही त्या घरांच्या टाक्यांत जाणार, असा हा व्यवहार आहे. शहर आणि शेती यांच्यातील पाण्याचा वाद वृत्तपत्रांत दर उन्हाळ्याला पुणेकर विरुद्ध इंदापूरकर असा रंगवला जातो. वास्तवात उद्याचा पुणेकर हा बऱ्याच अंशी कालव्याकाठच्या जमिनीवरच राहणार आहे.

यावर सुचवले जाणारे उपाय तपासून पाहिले पाहिजेत. मुळशी धरणाचे पाणी वीजनिर्मितीनंतर कोकणात उतरते, ते पूर्वेकडे वळवावे ही मागणी जुनी आहे. परंतु ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याच्या काठच्या गावांना शंभर वर्षांनंतरही पाण्यासाठी झगडावे लागत असताना ते थेट महानगरासाठी मागणे नैतिकदृष्ट्या सोपे नाही. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला पाणी नेण्याच्या योजनेला मावळात विरोध झाला, ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि ती योजना रखडली. दूरच्या धरणातून पाणी आणणे हा अभियांत्रिकीचा साधा प्रश्न आहे असे मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

दुसरा उपाय वापरलेल्या पाण्याचा. मुंढवा येथून प्रक्रिया केलेले सांडपाणी जुन्या बेबी कालव्यात सोडून शेतीला द्यायचे आणि त्या बदल्यात धरणातले स्वच्छ पाणी शहराने घ्यायचे, ही कल्पना तत्त्वतः उत्तम आहे. पुरंदर उपसा सिंचन योजनाही मुळा-मुठेचेच पाणी उचलून पुरंदरच्या माळावर नेते, जेथे अंजीर आणि सीताफळाच्या बागा आहेत. परंतु नदीत अजूनही पुरेशी प्रक्रिया न झालेले सांडपाणी मिसळते, आणि शेतकरी त्याच्या वासाची आणि जमिनीवर होणाऱ्या परिणामांची तक्रार करतात तेव्हा ती कुरकुर म्हणून बाजूला सारली जाते. सांडपाण्याच्या शुद्धतेची हमी दिल्याशिवाय अदलाबदलीचा सौदा प्रामाणिक म्हणता येणार नाही.

पाणी जवळ असणे आणि पाणी मिळणे यांतील अंतर किती घातक असते, हे २०२५ च्या प्रारंभी सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात उघड झाले. तेथे गियाँ-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराची साथ पसरली, पुणे परिसरातील रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि दूषित पाण्याकडे संशयाची सुई वळली. ही गावे खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी आहेत. त्यांतील काही महापालिकेत येऊन तीन-साडेतीन वर्षे झाली होती, तरीही विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ जंतुनाशक मिसळून घरांपर्यंत पोहोचत होते. धरणाशेजारी ही अवस्था असेल तर यवत किंवा शिक्रापूर येथे काय होईल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

जमीन विकसित करण्याच्या रीतीबद्दल मात्र पूर्णतः निराश होण्याचे कारण नाही. हडपसरजवळ मगर कुटुंबीयांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि विकून मोकळे होण्याऐवजी मगरपट्टा सिटीत भागीदार होणे पसंत केले. कायद्यातील नगररचना योजनेमागेही हेच तत्त्व आहे: अनेकांचे वेडेवाकडे गट एकत्र करायचे, रस्ते, शाळा, बागा यांसाठी जागा काढायची आणि उरलेली जमीन चौकोनी अंतिम भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत द्यायची. १९१५ पासून मुंबई इलाख्यात हा कायदा होता, भांबुर्ड्यासारख्या भागाची घडण त्यातूनच झाली, १९६६ च्या अधिनियमात तो कायम राहिला आणि मधल्या अनेक दशकांत त्याचा जवळजवळ विसर पडला. म्हाळुंगे-माण येथील योजनेने तो पुन्हा वापरात आला आहे, ही समाधानाची बाब आहे. तथापि मगरपट्ट्याला एक एकसंध समाज, शहराला लागून असलेली जमीन आणि भक्कम नेतृत्व लाभले होते. विखुरलेल्या गटांच्या आणि वारसांच्या वादांत अडकलेल्या गावात तेच यश आपोआप मिळेल असे मानू नये. पूर्वेकडच्या गावांत नगररचना योजना यायची असेल तर ती गुंठेवारी सुरू होण्यापूर्वी आली पाहिजे. सातबाऱ्यावर चाळीस नावे चढल्यानंतर तिचा उपयोग नाही. लोणावळ्याच्या बाजूला १९७८ पासून लोकल धावते, तशी भरगच्च सेवा दौंडच्या बाजूला मिळाली, तर वस्ती महामार्गाच्या कडेने पसरण्याऐवजी स्थानकांभोवती एकवटण्याची शक्यता निर्माण होईल, आणि ही सेवा घरांच्या आधी यावी लागेल.

या परिषदेने समारोपाच्या ठरावात दोन मागण्या स्पष्ट शब्दांत कराव्यात, अशी अध्यक्षस्थानावरून विनंती आहे. कोणतेही गाव महानगरपालिकेत किंवा नगर परिषदेत समाविष्ट करण्याच्या अधिसूचनेतच त्या गावाच्या पाण्याचा स्रोत, त्याचे प्रमाण, ते कोणाच्या वाट्यातून येणार आणि शुद्धीकरणाची सोय कोणत्या वर्षी पूर्ण होणार, हे नमूद करणे बंधनकारक करावे. तसेच विकास आराखड्याचा मसुदा गट क्रमांकांसह, मराठीत आणि सामान्य शेतकऱ्याला वाचता येईल अशा मोठ्या नकाशावर प्रत्येक ग्रामपंचायतीत लावून त्यावर ग्रामसभा घ्यावी. लोणीकंद, उरुळी कांचन आणि यवत येथे हे काम अजून वेळेत होऊ शकते. वाघोलीत ती वेळ निघून गेली आहे.