पुढची तारीख कोण सांभाळतं?



कनेरगाव नाका हे हिंगोली जिल्ह्यातलं गाव. पैनगंगेपलीकडे वाशिम जिल्हा. एके काळी या भागात निजामाचं राज्य संपायचं आणि वऱ्हाड सुरू व्हायचं. 1956 साली दोन्ही मुलूख एका राज्यात आले, पण कोर्टकचेरीच्या कामात ती सरहद्द अजून शाबूत आहे. हिंगोलीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की औरंगाबाद खंडपीठापुढे उभं राहतं, वाशिमचं गेलं की नागपूरला. माणसांची शेती, सोयरिक आणि उधारी मात्र दोन्ही काठांना. त्यामुळे इथल्या वकिलाच्या डायरीत एकाच दिवशी हिंगोलीचं बोर्डही असतं आणि वाशिमचंही. अशा वकिलानं आपला पसारा संगणकावर न्यायचा, तर गुगल ड्राइव्ह, ट्रेलो, नोशन अशी कुणालाही चालणारी साधनं घ्यावीत, की खास वकिलांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर? आज त्याविषयी बोलायचं आहे.

बहुतेकांचं अर्धं काम फोनवर आधीच चालतं. वकीलपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, सातबारा ड्राइव्हवर पडतो, तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये जाते. यात वावगं काही नाही. दाव्याचा मसुदा दोघांनी मिळून तपासायचा असेल, तर ही साधनं वकिली सॉफ्टवेअरपेक्षा सरस ठरतात, हे मी बिनदिक्कत सांगतो. शिकायला सोपी, मराठी टंकन नीट चालतं, आणि बरीचशी फुकट. अडचण दुसरीकडे आहे. या साधनांना फाइल कळते, काम कळतं. खटला कळत नाही. लग्नाच्या हॉलची बुकिंग आणि कैफियत दाखल करायची मुदत, दोन्ही त्यांच्या लेखी सारखीच.

एक चेकचं प्रकरण घेऊ. नाक्यावरच्या एका व्यापाऱ्यानं हळद विकली, पैशांपोटी मिळालेला चेक न वटता परत आला. बँकेचा मेमो 3 मार्चला हातात पडला. परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 प्रमाणे त्या दिवसापासून 30 दिवसांत, म्हणजे 2 एप्रिलपर्यंत, नोटीस निघाली पाहिजे. समजा ती निघाली आणि समोरच्याला 20 मार्चला मिळाली. आता त्याला पैसे द्यायला 15 दिवस, ते 4 एप्रिलला संपतात. 5 एप्रिलला दाव्याचं कारण घडलं, आणि तिथून एक महिन्यात, म्हणजे 5 मेपर्यंत, फिर्याद दाखल व्हायला हवी. उशीर झाला तर माफीचा अर्ज देता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि ‘कारकून सुटीवर होता’ हे कारण ऐकायला न्यायाधीश काही आतुर नसतात.

यातली प्रत्येक तारीख आधीच्या तारखेला बांधलेली आहे. चांगल्या वकिली सॉफ्टवेअरमध्ये नोटीस पोहोचल्याची तारीख 20 ऐवजी 22 केली, की पुढच्या सगळ्या तारखा आपोआप सरकतात. साध्या कॅलेंडरमध्ये ती प्रत्येक नोंद हातानं बदलावी लागते, आणि एखादी राहून जाते. शिवाय खटला कुठे चालवायचा? 2015 च्या दुरुस्तीनंतर, खात्यात जमा करायला दिलेल्या चेकच्या बाबतीत, चेक मिळालेल्याचं खातं ज्या शाखेत असेल तिथलं न्यायालय. म्हणजे दुकान नाक्यावर, पण खातं वाशिमच्या शाखेत असेल, तर फिर्यादही वाशिमला. असला तपशील भरायला वकिली सॉफ्टवेअरमध्ये निदान जागा तरी असते.

अपिलाचंही तसंच. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 90 दिवसांत. पण नक्कल मिळायला जितके दिवस गेले तितके मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे वजा होतात. नकलेचा अर्ज कधी दिला आणि नक्कल तयार कधी झाली, या दोन तारखा कुठल्याही सर्वसाधारण साधनाला आपणहून विचाराव्याशा वाटत नाहीत.

मग लगेच पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यावं का? थांबा. कॅनडात 2008 साली सुरू झालेलं ‘क्लिओ’ हे वकिली सॉफ्टवेअर असो की आपल्याकडची नवी उत्पादनं, तारखांचा मोठा भाग सरकारनं आधीच फुकट दिलेला आहे. न्यायालयांच्या संगणकीकरणासाठीच्या सरकारी ई-कोर्ट्स प्रकल्पाची ‘सीआयएस’ ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) पुणे कार्यालयानं बनवली. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, झालेले आदेश, सगळं दिसतं. आपल्याकडची अनेक वकिली सॉफ्टवेअर्स हीच माहिती उचलून नेटक्या चौकटीत दाखवतात. न्यायालयात नोंद भरायला उशीर झाला, तर त्या चौकटीतही उशीरच दिसणार. म्हणून बोर्डावर उभं राहून तारीख डायरीत उतरवणारा कारकून अजून बिनकामाचा झालेला नाही.

शिवाय आपल्या भागातलं बरंचसं वकिली काम न्यायालयात नसतंच. फेरफारावरची हरकत, बांधाचा वाद, रस्ता अडवल्याची तक्रार, ही प्रकरणं तहसीलदार आणि उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे चालतात. ती ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये सापडत नाहीत. शहरी कंपन्यांना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या सॉफ्टवेअरला तर ‘मंडळ अधिकारी’ कोण हेही ठाऊक नसतं. अशा प्रकरणांसाठी साधा तक्ता उत्तम: गाव, गट क्रमांक, कोणापुढे, कशासाठी, पुढची तारीख. तक्ता गुगल शीटमध्ये ठेवा, नाहीतर वहीत.

खास सॉफ्टवेअरचा दुसरा फायदा मला मुदतीइतकाच मोलाचा वाटतो. नवा पक्षकार आला की त्याच्या विरुद्ध बाजूला आपलाच जुना पक्षकार तर नाही ना, हे ते शोधून देतं. ज्या वादात एका बाजूला सल्ला दिला त्यात दुसऱ्या बाजूनं उभं राहायचं नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. भावकीच्या वाटणीच्या दाव्यात तर हा धोका पावलोपावली. पण इथेही खाच आहे. नावं इंग्रजीत भरली तर एकच वानखेडे तीन तऱ्हांनी लिहिला जातो आणि शोध फसतो. नाव देवनागरीत, सोबत वडिलांचं नाव आणि गाव, असा शिरस्ता पहिल्या दिवसापासून पाळला तरच त्या सोयीचा उपयोग.

आता गुप्ततेबद्दल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही पक्षकारानं वकिलाला सांगितलेली गोष्ट सुरक्षित आहे. पण कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कागद टाकले आणि हाताखालचा ज्युनिअर वर्षभरानं दुसरीकडे गेला, तर ते कागद त्याच्या फोनमध्ये तसेच राहतात. ड्राइव्हमधून त्याचा प्रवेश बंद करता येतो, फक्त ते आठवणीनं करावं लागतं. वकिली सॉफ्टवेअरमध्ये कुणी कुठला कागद कधी उघडला याची नोंद राहू शकते. घेताना ती सोय आहे का, हे विचारून घ्यावं.

माझं मत विचाराल तर, एकट्या वकिलानं मसुदे आणि कागदांसाठी साधी साधनं वापरावीत, तारखांसाठी ई-कोर्ट्सचं अ‍ॅप आणि डायरी. तीन-चार जणांचं कार्यालय असेल, चेकची आणि अपिलाची प्रकरणं बरीच असतील, तर खास सॉफ्टवेअरचे पैसे वसूल होतात. मात्र विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला आला, की त्याची तयार उदाहरणं बघू नका. नावं झाकून आपलंच एक जुनं चेकचं प्रकरण त्याच्यापुढे ठेवा, नोटीस मिळाल्याची तारीख बदलायला सांगा, आणि पुढच्या तारखा हलतात का पाहा. मग एक हिंगोलीचं आणि एक वाशिमचं प्रकरण भरून दोन्ही जिल्ह्यांच्या स्थानिक सुट्ट्या वेगवेगळ्या ठेवता येतात का, ते तपासा. आणि शेवटी विचारा, की उद्या वर्गणी बंद केली तर आमच्या सगळ्या नोंदी साध्या एक्सेल फाइलमध्ये परत मिळतील का. मिळतील म्हणाला, तर त्याच बैठकीत करून दाखवायला सांगा.