प्रात्यक्षिक प्रश्नांची पूर्वतयारी

वरूडच्या संत्रापट्ट्यात एमएस-सीआयटीचा दाखला मिळवून सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंग परीक्षेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने ध्यानी घ्यावे की, त्या परीक्षेत १२० मिनिटांच्या मुदतीत पर्याय निवडण्याबरोबरच राउटर व स्विच यांना प्रत्यक्ष हुकूम देऊन जाळे कार्यान्वित करावे लागते, आणि एकदा पुढे सरकल्यावर मागील प्रश्नाकडे परतण्याची मुभा नसते. त्यासाठी सिस्कोच्या विनामूल्य पॅकेट ट्रेसर या सराव-प्रणालीवर व्हीलॅन (आभासी जाळे) बांधावे, मोडावे, पुन्हा बांधावे. निव्वळ पाठांतराने हे साधत नाही, असे माझे ठाम मत आहे. रेड हॅटची आरएचसीएसए ही लिनक्सची परीक्षा तर सर्वस्वी प्रात्यक्षिक. तीत इंटरनेटची मनाई असली तरी प्रणालीतील मार्गदर्शक पृष्ठे वाचण्याची मोकळीक असते, मात्र संगणक पुन्हा सुरू केल्यावर रचना टिकली नाही, तर तिचे गुण मिळत नाहीत. सरावातही प्रत्येक वेळी यंत्र बंद-चालू करून रचना पडताळावी.