टेम्पो : एका नावाचा प्रवास

महात्मा फुले मंडईत पहाटे हमखास कानावर पडणारा प्रश्न म्हणजे, ‘टेम्पो लागला का?’ गाडी मग कुठल्याही कंपनीची असो! हा शब्द मला कित्येक वर्षे मराठीच वाटत होता. पण ‘टेम्पो’ हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव. 1936 च्या सुमारास या कारखान्याने एक अजब फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी काढली. पुढे एक इंजिन, मागे एक. प्रत्येक इंजिन आपापली दोन चाके फिरवी. एक बंद पडले तरी दुसऱ्यावर गाडी चाले.

1958 मध्ये नवलमल फिरोदियांनी ‘बजाज टेम्पो’ कंपनी काढली आणि हॅम्बुर्गची तीनचाकी ‘हॅन्सिएट’ भारतात बनू लागली. माल वाहता वाहता कंपनीचे नाव गाडीच्या जातीचेच नाव झाले. 2005 मध्ये कंपनीने ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतले. तिच्या ‘गुरखा’ गाडीत मात्र चारही चाकांना जोर देण्याची ती जुनी विद्या आजही आहे.

जर्मनीत ‘टेम्पो’ गाड्या केव्हाच बंद झाल्या. नाव उरले ते आपल्याकडे, पोते पाठीवर घेऊन गाडीची वाट पाहणाऱ्या हमालाच्या तोंडी.